विधवेची दमडी : एक अर्धवट वाचलेला उतारा

उपासनेच्या तीन वर्षांच्या चक्रातील दुसऱ्या वर्षी, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास, संत मार्ककृत शुभवर्तमानातील विधवेच्या दानाचा उतारा वेदीवरून वाचला जातो. आपल्या वाचकांपैकी क्वचितच कोणाला तो अपरिचित असेल. मंदिराच्या भांडारासमोर येशू बसला आहे, श्रीमंत लोक पुष्कळ टाकीत आहेत आणि एक गरीब विधवा दोन क्षुद्र नाणी टाकून निघून जाते. देवळाचे छप्पर गळू लागले, घंटेचा मनोरा दुरुस्त करायचा झाला किंवा मिशन रविवार आला की आम्हा धर्मगुरूंना या विधवेची हटकून आठवण होते. आम्हीही गेल्या पंचवीसेक वर्षांत तिला अनेकदा प्रवचनात उभे केले आहे. फंडपेटीला इतका सोयीचा उतारा साऱ्या बायबलमध्ये दुसरा नसेल.

तो इतका सोयीचा का वाटतो, हा प्रश्न मात्र आम्हांला फार उशिरा पडला. आम्ही तो अर्धवटच वाचीत आलो, हे त्याचे उत्तर.

प्रथम उताऱ्यातील हिशेब पाहू. मार्कने या नाण्यांना ‘लेप्टा’ म्हटले आहे. त्या काळी प्रचारात असलेले ते सर्वांत लहान तांब्याचे नाणे. अशी दोन नाणी म्हणजे रोमी चलनातला एक क्वाद्रान्स, असा खुलासाही मार्क करतो. चौसष्ट क्वाद्रान्स मिळून एक दिनार होई आणि द्राक्षमळ्याच्या दाखल्यावरून दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी होती, हे आपण जाणतो. म्हणजे विधवेचे सारे धन एका दिवसाच्या मजुरीचा चौसष्टावा हिस्सा होते. जुन्या मराठी भाषांतरकारांनी येथे ‘दमडी’ हा शब्द योजला, तो किती नेमका! ‘चमडी जाईल पण दमडी जायची नाही’ ही आपल्याकडची म्हण कंजूष माणसाविषयी आहे. येथे दमडी जाते आणि तिच्यासोबत चमडीही जाते. कारण मूळ ग्रीक वाक्यात शेवटी ‘बियोस’ हा शब्द आहे आणि त्याचा अर्थ उपजीविका असा होतो, तसाच जीवन असाही होतो. त्या बाईने आपली भाकरी टाकली की आपला प्राण टाकला, हे मार्कने त्या एका शब्दात मुद्दाम उघडे ठेवले आहे.

आता उताऱ्याच्या आगेमागे पाहू. त्याच्या अगदी आधीच्या तीन वचनांत येशू शास्त्र्यांपासून सावध राहण्यास सांगतो. लांब झगे घालून मिरवणारे, बाजारात मुजरे आणि सभास्थानात अग्रासने हवी असणारे हे लोक विधवांची घरे गिळंकृत करतात आणि वर देखाव्यासाठी लांबलचक प्रार्थना करतात, असा त्याचा आरोप आहे. ‘विधवा’ हा शब्द मार्कच्या संपूर्ण शुभवर्तमानात केवळ येथेच आढळतो : एकदा या आरोपात आणि लगेच पुढे दानाच्या प्रसंगात. ज्यांची घरे गिळली जातात त्यांच्यापैकीच एक जण पुढच्या ओळीत चालत येते आणि उरलेसुरले टाकून जाते. त्यानंतर काय घडते? येशू मंदिराबाहेर पडतो. एक शिष्य त्या प्रचंड चिऱ्यांचे आणि इमारतींचे कौतुक करतो, तेव्हा येथे दगडावर दगड राहणार नाही, असे येशू त्याला सांगतो. इसवी सन ७० मध्ये रोमी सैन्याने ते मंदिर खरोखरच जमीनदोस्त केले. विधवेने आपला ‘बियोस’ ज्या वास्तूला दिला, तिचे भवितव्य हे होते.

आमच्या वाचनग्रंथाची रचनाही येथे विचारात घ्यावी लागेल. त्या रविवारी शास्त्र्यांवरील आरोपासह दीर्घ वाचन नेमलेले आहे. तथापि केवळ विधवेपासून सुरू होणारे आखूड वाचन करण्याचीही मुभा आहे आणि घड्याळाकडे पाहून आम्ही बहुधा तेच निवडतो. चिरे कोसळण्याची वचने त्या दिवशीच्या वाचनात नाहीतच. अशा प्रकारे आरोपही वगळला जातो, निकालही वगळला जातो आणि मधली बाई तेवढी आमच्या हाती उरते.

बायबलचे अभ्यासक अॅडिसन राईट यांनी १९८२ साली ‘कॅथलिक बिब्लिकल क्वार्टर्ली’ या नियतकालिकातील लेखात नेमका हाच प्रश्न उपस्थित केला. येशूचे उद्गार ही स्तुती आहे की विलाप, असे त्यांनी विचारले आणि आपला कौल विलापाच्या बाजूने दिला. त्यांचा युक्तिवाद सहज डावलता येत नाही. दयाळू शोमरोन्याच्या दाखल्याअखेरीस ‘तूही तसेच कर’ असा आदेश आहे, तसा येथे नाही. शिवाय याच शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात, आईबापांच्या पोषणाचा पैसा ‘कुर्बान’ म्हणून देवाला वाहिल्याचे सांगणाऱ्यांना येशूने खडसावले आहे. माणसाची भूक मारून केलेले अर्पण त्याला तेथे मान्य नव्हते, ते येथे एकाएकी आदर्श कसे ठरावे?

तरीही राईट यांचे मत जसेच्या तसे स्वीकारावे, असे आम्हांला वाटत नाही. येशू शिष्यांना मुद्दाम जवळ बोलावतो आणि गंभीर विधानापूर्वी वापरायचा ‘आमेन’ हा शब्द उच्चारतो. त्या वाक्यात तिच्याविषयी आदर आहे, हे कोणत्याही निर्मळ कानाला ऐकू येईल. काही दिवसांनी तो स्वतःही आपला संपूर्ण ‘बियोस’ देणार आहे. दुःखसहनाच्या उंबरठ्यावर मार्कने ही विधवा उभी केली, ती विनाकारण नव्हे. पुढे चौदाव्या अध्यायात बेथानी येथे दुसरी एक स्त्री येते आणि तीनशे दिनारांहून अधिक किमतीचे सुगंधी तेल येशूच्या मस्तकावर ओतते. तेथे मात्र स्तुती निःसंदिग्ध आहे. एकीचे दान दमडीचे, दुसरीचे जवळपास वर्षभराच्या मजुरीइतके. रकमेवरून कोणीही लहानथोर ठरत नाही. मग दोन्ही प्रसंगांत फरक कोठे? बेथानीचे दान थेट येशूच्या देहाला पोहोचले. विधवेचे दान एका व्यवस्थेच्या पेटीत पडले.

म्हणून आम्हांला असे वाटते की या उताऱ्यात दोन निवाडे आहेत. देणारीच्या वाट्याला आदर आला आहे, तर घेणाऱ्याला जाब विचारला आहे. आजवर आम्ही पहिला निवाडा लोकांना ऐकवला आणि दुसरा, जो आमच्याविषयी होता, तो गाळला.

त्या रविवारच्या पहिल्या वाचनाने ही गोष्ट अधिकच स्पष्ट होते. त्यात सारफथ गावची विधवा आहे. दुष्काळात तिच्या घरी मूठभर पीठ आणि थोडे तेल उरले आहे. तेवढे संपले की आपण आणि मुलगा मरणार, असे ती म्हणते. एलिया संदेष्टा तिच्याकडे आधी आपल्यासाठी भाकर मागतो. ती देते. परंतु तिच्या मडक्यातले पीठ सरत नाही आणि संदेष्टा, ती व तिचे घर सारे पुष्कळ दिवस जेवतात. यरुशलेमची विधवा त्या रात्री काय जेवली, हे मार्कने लिहिलेले नाही. ते विचारण्याचे काम त्याने वाचकावर सोपवले असावे.

आम्हांला ते विचारायला एका खऱ्या बाईने भाग पाडले. काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामात देवळाच्या छपराचे काम निघाले होते. आम्ही नेहमीप्रमाणे दमडीचे प्रवचन केले, आखूड वाचन करून. दुसऱ्याच दिवशी एक वयस्क विधवा पदराच्या गाठीत बांधलेल्या नोटा घेऊन आमच्याकडे आली. रक्कम तिच्या मानाने मोठी होती. आम्ही पावती फाडली, आशीर्वाद दिला आणि पुढच्या रविवारी तिचे नाव न घेता तिचा दाखलाही दिला. त्यानंतर दोन महिन्यांनी आजाऱ्यांना कम्युनियन द्यायला गेलो असता ती अंथरुणात दिसली. रक्तदाबाच्या गोळ्या तिने छपरासाठी बंद केल्या होत्या. ‘फादर, तुम्हीच सांगितलं ना, तिने सगळं टाकलं म्हणून,’ ती म्हणाली. तिच्या स्वरात तक्रार नव्हती. तक्रार असती तर आम्हांला ते सोपे गेले असते.

तिने उतारा आमच्याकडून ऐकला तसाच समजून घेतला होता. अपुरा होता तो आम्ही वाचलेला.

ख्रिस्तसभेच्या कार्यासाठी पैसा मागूच नये, असा याचा अर्थ कोणी काढू नये. येशू आणि त्याचे बारा शिष्य गावोगाव फिरत असताना योहान्ना, सुसान्ना आणि इतर स्त्रिया आपल्या पैशाअडक्याने त्यांची सेवा करीत असत, असे संत लूक सांगतो. देवळे, दवाखाने, वसतिगृहे, दूरच्या मिशनमधील धर्मगुरूंचा निर्वाह हे सारे कोणाच्या ना कोणाच्या पैशावरच चालते. कसे मागावे आणि कसे घ्यावे, एवढाच प्रश्न आहे आणि त्याचे उत्तमोत्तम उत्तर संत पौलाने देऊन ठेवले आहे. यरुशलेममधील गरिबांसाठी त्याने जो निधी जमवला, त्याविषयी करिंथकरांस लिहिताना त्याने तीन पथ्ये घातली. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीप्रमाणे काही बाजूला ठेवावे, म्हणजे ऐनवेळी धावपळ नको. दान जवळ असेल त्यानुसार मोजले जाते, नसेल त्यानुसार नव्हे आणि इतरांना दिलासा मिळावा म्हणून देणाऱ्याची ओढाताण होऊ नये. तिसरे पथ्य असे, की पैसा एकट्याने न नेता मंडळ्यांनी निवडलेल्या विश्वासू माणसांसोबत पाठवावा, जेणेकरून कोणाला बोट दाखवायला जागा राहू नये. पौलासारख्या प्रेषितालाही ही खबरदारी कमीपणाची वाटली नाही.

या तीन पथ्यांनी आपल्याकडील दानाच्या रीती तपासून पाहाव्यात. रविवारच्या थाळीत काही टाकणे ही सर्वांत जुनी आणि सर्वांत निनावी रीत. तेथे दमडी आणि नोट शेजारी शेजारी पडतात, म्हणून ती आम्हांला प्रिय आहे. दशांशाची रीत शिस्तीची आहे. पण पुदिना, शेप आणि जिरे यांचा दशांश काटेकोरपणे मोजून न्याय आणि दया विसरणाऱ्यांना येशू काय म्हणाला, हे दशांशाचा आग्रह धरणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. मुंबई-वसई भागात आगेऱ्याच्या सणाला नव्या भाताच्या ओंब्या वेदीपाशी आणतात, त्या अर्पणात कृतज्ञता स्वच्छ दिसते. कारण पीक आल्यावाचून ते देता येत नाही. मिस्साच्या हेतूसाठी दिल्या जाणाऱ्या पैशाबाबत मात्र सावधगिरी हवी. १९८३ च्या धर्मसंहितेने त्यात व्यापाराचा भासदेखील होऊ नये असे बजावले आहे आणि गरिबीमुळे कोणी संस्कारांना वंचित राहू नये, असेही सांगितले आहे.

मिशन कार्याला मदत करण्याची आज जगभर रूढ असलेली रीत फ्रान्समधील लिऑन शहरात पोलीन जॅरिको या तरुणीने घालून दिली. रेशीम कारखानदाराची ती मुलगी. प्रत्येकाने आठवड्याला एक सू, म्हणजे अगदी किरकोळ नाणे द्यावे आणि दहा जणांमागे एकाने ते गोळा करावे, अशी तिची योजना होती. तीतून १८२२ साली श्रद्धाप्रसार संस्था उभी राहिली. पुढे १९२६ साली पोप अकरावे पायस यांनी मिशन रविवार सुरू केला, तो आजही ऑक्टोबरच्या शेवटून दुसऱ्या रविवारी पाळला जातो. पोलीनच्या योजनेत दमडीला मान होता, पण कोणाची भाकर तीत जात नव्हती. स्वतः पोलीन मात्र कामगारांसाठी काढलेल्या एका उपक्रमात फसवली गेली, कर्जात बुडाली आणि १८६२ साली कंगाल अवस्थेत वारली. २०२२ साली तिला धन्यवादित घोषित करण्यात आले. तिने सुरू केलेल्या कार्याला जगभरातून पैसा येत होता, त्याच काळात तिच्यावर लिऑनमध्ये गरिबीचे दिवस आले. मार्कचा उतारा पुन्हा एकदा घडला, असेच म्हणावे लागते.

त्याच धर्मसंहितेतील आणखी तीन कलमे आपल्या धर्मग्रामात मोठ्याने वाचली जावीत, अशी आमची इच्छा आहे. प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक समिती असावी. विशिष्ट कारणासाठी दिलेले दान त्याच कारणासाठी वापरले जावे. भाविकांनी दिलेल्या पैशाचा हिशेब भाविकांना द्यावा. ही कलमे रुक्ष भासतील, पण विधवेच्या दुसऱ्या निवाड्याला ख्रिस्तसभेने दिलेले ते उत्तर आहे. त्याहूनही जुने उत्तर प्रेषितांच्या कृत्यांमध्ये आहे. दररोजच्या वाटपात काही विधवांची उपेक्षा होते, अशी कुरकुर उठताच प्रेषितांनी सात जण निवडून त्या कामावर नेमले. पहिल्या ख्रिस्ती मंडळीला विधवेचे स्मरण झाले, ते तिला द्यावयाचे राहून गेले म्हणून.

छपराचे काम पुढे पूर्ण झाले. त्या बाईचे पैसे आम्ही परत घेऊन गेलो, तेव्हा तिने ते घेतले नाहीत. देवाला दिलेले परत कसे घ्यायचे, असे तिचे म्हणणे पडले. शेवटी आमच्या आर्थिक समितीने तिच्या गोळ्यांचा खर्च उचलला आणि धर्मग्रामातील एकट्या राहणाऱ्या वृद्धांची एक यादी तयार केली. ती यादी आता फंडपेटीच्या चावीसोबत एकाच कपाटात असते. यंदा तो रविवार कोणत्याही वर्षी येवो, आम्ही दीर्घ वाचन करणार आहोत, शास्त्र्यांसकट आणि झग्यांसकट. वाचताना आमच्याही अंगावर लांब झगा असेल, याचे भान आम्हांला राहील.