‘नवी’ उकल खरंच नवी असते का? कुद्र्याशोव्ह यांचा पेपर वाचताना

पेट पास झाल्यावर गणितात विषय शोधणाऱ्यांना ‘नॉनलिनिअर समीकरणांच्या सॉलिटरी वेव्ह उकली’ हा विषय बऱ्याचदा सुचवला जातो. प्रयोगशाळा लागत नाही. आष्टीसारख्या गावात बसूनही लॅपटॉप आणि मॅपलवर काम सुरू करता येतं. ही सोय खरीच आहे, पण खड्डाही तिथेच आहे. तो निकोलाय कुद्र्याशोव्ह यांनी २००९ च्या पेपरमध्ये दाखवला. अशा उकली शोधताना नेहमी होणाऱ्या सात चुका, हा त्याचा विषय.

त्यातला गाभ्याचा मुद्दा बघा. एकच पद्धत वेगळ्या नावाने वापरली, की जुनीच उकल नव्या वेशात येते. उदाहरणार्थ, २००८ पासून गाजलेली ‘जी-प्राइम बाय जी’ पद्धत. यात जी हे फलन दुसऱ्या कोटीच्या साध्या लिनिअर समीकरणातून येतं आणि सोबत दोन स्थिरांक आणतं. उकल मोठी, भारदस्त दिसते. पण हायपरबोलिक प्रकारात सोपं रूप दिलं की उरतो फक्त टॅन्-हायपरबोलिक किंवा कॉट-हायपरबोलिक. त्या दोन स्थिरांकांचं गुणोत्तर लाट थोडी पुढे-मागे सरकवतं आणि या दोनांपैकी कोणतं रूप येणार ते ठरवतं, बस. वर कॉटवाली उकल एका बिंदूवर अनंताला जाते. पाण्यावरची लाट अशी असते का?

म्हणजे जुनं सापडणं वाईटच का? नाही. अविनाश खरे (नंतर आयसर, पुणे) आणि उदय सुखात्मे यांनी २००२ मध्ये दाखवलं, की काही नॉनलिनिअर समीकरणांच्या याकोबी एलिप्टिक फलनांतल्या उकली ठरावीक अंतराने सरकवून बेरीज केली तरी उकल मिळते. पुढे त्यांनीच या उकलींचं नातं लँडेनच्या दोनशे वर्षं जुन्या सूत्रांशी जोडलं. बेरीज म्हणजे मोड्युलस बदललेली ओळखीचीच उकल. पण त्या शोधातून लँडेन प्रकारची नवी सूत्रं हाती आली. फरक इथे आहे. त्यांनी ‘ही आधीची कोणती?’ हा प्रश्न स्वतःलाच विचारला.

कुद्र्याशोव्ह यांच्या यादीची मर्यादाही सांगायला हवी. सातही चुका उकल काढण्याच्या रीतीतल्या आहेत. इंटिग्रेशनचा स्थिरांक विसरणं, सोपं रूप न देणं, उकल मूळ समीकरणात घालून न तपासणं, वगैरे. हे सगळं नीट केलं तरी ‘ही लाट टिकते का, तिचा अर्थ काय?’ हा प्रश्न शिल्लक राहतो. केडीव्ही समीकरण (१८९५) आजही शिकवतात, कारण त्याची उकल काहीतरी सांगते: लाट जितकी उंच, तितकी वेगवान. आणि १९६५ मध्ये झाबुस्की व क्रुस्कल यांनी संगणकावर पाहिलं, की अशा लाटा एकमेकींतून जाऊनही आपला आकार राखतात. ‘सॉलिटॉन’ हा शब्द तिथून आला. प्रत्येक सॉलिटरी वेव्ह सॉलिटॉन नसते, हे पेट मुलाखतीतही लक्षात ठेवा.

तेव्हा विषय घ्या, जरूर घ्या. फक्त पेपर पाठवण्याआधी उकल समीकरणात घाला, सोपी करा, जुन्या उकलीशी ताडून बघा आणि ती लाट स्थिर आहे का ते तपासा. पंचवीस ‘नव्या’ उकलींपेक्षा एका उकलीबद्दल काहीतरी खरं सांगणारा प्रबंध व्हायव्हाला जास्त टिकतो.