सालबाईचा तह आणि हैदराची मृत्युवार्ता : एका रूढ विधानाची परीक्षा

इंग्रज व पेशवे यांचा तह ग्वाल्हेरनजीक सालबाई येथें १७ मे १७८२ रोजीं ठरला. नाना फडणिसांनीं त्यावर शिक्कामोर्तब केलें तें २० डिसेंबर रोजीं. मध्यंतरीं, ७ डिसेंबरास, हैदर अल्ली चित्तुराजवळच्या छावणींत वारला. या तारखा एकापुढें एक मांडून, हैदराच्या मृत्यूची बातमी येतांच नानांनीं तह पुरा केला, असें आमच्या इतिहासपुस्तकांतून बिनदिक्कत लिहिलें जातें. प्रस्तुत लेखकासही तें पुष्कळ दिवस खरें वाटत असे. परंतु यांत एका मुत्सद्द्याच्या वचननिष्ठेचा प्रश्न गुंतलेला असल्यानें पुरावा मागणें प्राप्त आहे.

तह घडून आला तो रणांगणापेक्षां पडद्याआडच अधिक. १७८१ च्या आरंभीं गॉडर्डची फौज बोरघाटापर्यंत आली होती. तिला हरिपंत फडके व तासगांवचे परशुरामभाऊ पटवर्धन यांनीं मागें रेटलें. त्यानंतर इंग्रजांनीं एकाच वेळीं तीन दारें ठोठावलीं. हेस्टिंग्जनें नागपूरकरांचे कारभारी दिवाकरपंत यांच्या मार्फत बोलणें चालविलें. मद्रासेहून मॅकार्टनी, कूट व ह्यूज यांनीं पेशव्यांस परभारें पत्र लिहिलें. आणि १३ ऑक्टोबर रोजीं कर्नल म्यूरनें महादजी शिंद्यांशीं तहकुबी करून त्यांनाच मध्यस्थ केलें. या साऱ्यांस पुण्याचें उत्तर एकच होतें : हैदरास वगळून तह नाहीं. १७८० च्या मैत्रीनें नाना त्यास बांधले गेले होते.

आतां तहाचें कलम पहावें. शिक्कामोर्तब झाल्यापासून सहा महिन्यांचे आंत हैदरानें जिंकलेला इंग्रजांचा व अर्काटच्या नबाबाचा मुलूख त्याजकडून परत करवावा, असा भार त्यांत पेशव्यांवर टाकला होता. म्हणजे शिक्का उठतांच मुदत चालूं होणार आणि कालचा दोस्त आजचा देणेकरी ठरणार! हेस्टिंग्जनें जूनमध्येंच मान्यता दिली असतां नानांनीं सात महिने कां घालविले, हें समजण्यास एवढें कलम पुरेसें आहे. त्यासाठीं कोणाच्या मरणाची वाट पाहण्याची कल्पना करावी लागत नाहीं.

मृत्यूनंतर शिक्क्यापर्यंत दिवस गेले तेरा. टिपू मलबारांत होता. तो येईतों हैदराचा मृत्यू लपवून ठेवण्याची सरदारांनीं शिकस्त केली. जासुदाच्या पायांनीं चित्तुराहून तेरा दिवसांत पुणें गांठणें अशक्य नाहीं, आणि असलें गुपित फुटतेंही. परंतु शक्य म्हणजे सिद्ध नव्हे. बातमी पुण्यास पोंचल्याची तिथी दाखविल्यावांचून हें विधान अनुमानाच्या पायरीवरच राहतें. येऊन जाऊन इतकेंच मान्य करतां येईल, कीं बातमी खरोखर आली असेल तर अडलेलें काम तिनें सोपें केलें असेल.

या प्रकरणाची गोष्ट आम्हीं बहुधा अँडरसन व हेस्टिंग्ज यांच्या बाजूनें ऐकत आलों. साताऱ्यास १८१८ ते १८२२ पर्यंत इंग्रजांचा अधिकारी राहिलेल्या ग्रँट डफनें दरबारी कागद जमविले व १८२६ मध्यें ग्रंथ छापला; ते श्रम मोठे खरे, पण पुढीलांनीं त्याच्या वाटेनेंच फार चालावें हें बरें झालें नाहीं. मिरजेस शिक्षक असलेल्या वासुदेव वामनशास्त्री खऱ्यांनीं पटवर्धन दप्तरांतून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ काढून दुसरी बाजू उघडी केली. पटवर्धनांस हें राजकारण दूरचें नव्हतें. सावशीच्या लढाईंत कोन्हेरराव पडले व पांडुरंगराव हैदराच्या हातीं लागले. तरी १७८० च्या मैत्रीसाठीं कृष्णेच्या दक्षिणेकडील मुलूख हैदराकडे राहूं द्यावा लागला. (सांगली तेव्हां मिरजेच्याच जहागिरींत होती, ती वेगळी झाली १८०१ मध्यें.) नाना हैदराशीं किती दिवस बांधलेले राहतात, याकडे या घराण्याचे डोळे लागलेले असणारच.

तेव्हां ज्यांस रूढ विधान टिकवावयाचें असेल त्यांनीं शके १७०४ च्या मार्गशीर्षांतील पुण्याचीं बातमीपत्रें तिथीवार लावून पुढें ठेवावीं. सात व वीस या दोन्ही तारखा त्याच एका महिन्यांत पडतात.