स्थळपुराणाची उलट वाट : जपानी लोकप्रिय संस्कृती, पात्रांकित वस्तू आणि प्रवास

क्षेत्रमाहात्म्य हा मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांना परिचित असलेला रचनाप्रकार आहे. क्षेत्र आधी असते, तेथे लोकांचे जाणे-येणे असते आणि त्या जाण्याला अर्थ देणारी कथा मागाहून रचली जाते, सांगितली जाते. 'हे येथेच घडले' असे ठासून सांगणे हेच तिचे प्रयोजन असते. जपानमध्ये गेल्या काही दशकांत कथा आणि स्थळ यांचे जे नाते निर्माण झाले आहे, ते मात्र याच्या नेमके उलट्या दिशेने चालते. तेथे कथा आधी येते. मांगा, अ‍ॅनिमे किंवा व्हिडिओ गेम या रूपांत येते. पुष्कळदा ती काल्पनिक नावाच्या गावात घडते आणि स्वतःचा पत्ता सांगत नाही. प्रेक्षकच पार्श्वभूमीला रेखाटलेला जिना, रेल्वेफाटक किंवा देवस्थानाची कमान ओळखून काढतात आणि तेथे जाऊन उभे राहतात. या जाण्याला जपानीत 'सेइची जुनरेई', म्हणजे पवित्र स्थळांची यात्रा, असा शब्द रूढ झाला आहे. हा शब्द धर्मपरंपरेतून काहीशा थट्टेने उचललेला होता. पुढे त्यातील थट्टा बरीचशी गळून गेली.

या यात्रांकडे आणि त्यांच्या अनुषंगाने होणाऱ्या किचेन, बिल्ले, बाहुल्या यांच्या खरेदीकडे निव्वळ ग्राहकवाद म्हणून पाहणे सोपे आहे. जपानी समीक्षेने मात्र या खरेदीचा विचार फार आधीपासून गांभीर्याने केला आहे. ओत्सुका एइजी यांनी १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या विवेचनात चॉकलेटसोबत मिळणाऱ्या 'बिक्कुरिमान' स्टिकरांचे उदाहरण घेतले. मुले स्टिकर ठेवून चॉकलेट टाकून देत, कारण ती चॉकलेट विकत घेत नव्हती. स्टिकरांच्या मागील मजकुरांतून तुकड्यातुकड्यांनी उलगडणारे एक महाकथन जुळवत होती. अझुमा हिरोकी यांनी २००१ साली याच्या पुढचे पाऊल टाकले. त्यांच्या मते नंतरच्या पिढीला महाकथनाची गरजच उरलेली नाही; तिला पात्रे हवी आहेत आणि ही पात्रे केसांचा रंग, पोशाख, बोलण्याची लकब अशा सुट्या घटकांच्या साठ्यातून घडवली जातात. दोन्ही मांडण्या मार्मिक आहेत. परंतु दोहोंतील ग्राहक बसल्या जागी उपभोग घेतो; तो उठून कोठे जात नाही. घटकांच्या साठ्याला भूगोल नसतो. मग त्याच साठ्यातून घडलेल्या पात्रासाठी माणसे तिकीट काढून एखाद्या आडबाजूच्या स्थानकावर का उतरतात, हा प्रश्न या मांडणीत अनुत्तरितच राहतो.

वाशिनोमियाचे उदाहरण या संदर्भात सविस्तर पाहण्यासारखे आहे. साइतामा प्रांतातील हे छोटे नगर २०१० मध्ये कुकी शहरात विलीन झाले. तेथील शिंतो देवस्थान कांतो परिसरातील अत्यंत प्राचीन देवस्थानांपैकी एक मानले जाते आणि तेथे सादर होणाऱ्या कागुरा नृत्यपरंपरेला १९७६ साली महत्त्वाच्या अमूर्त लोकसांस्कृतिक वारशाचा राष्ट्रीय दर्जा मिळालेला आहे. थोडक्यात, स्थळाला स्वतःचे माहात्म्य होतेच. २००७ साली क्योतो अ‍ॅनिमेशनने योशिमिझु कागामी यांच्या 'लकी स्टार' या मांगाची दूरचित्रवाणी मालिका केली. तिच्यातील दोन बहिणी एका देवस्थानाच्या कुटुंबातील आहेत आणि त्या देवस्थानाचे चित्रण वाशिनोमियावर बेतलेले आहे. मालिका सुरू असतानाच कॅमेरे घेतलेले तरुण तेथे दिसू लागले. आरंभी स्थानिकांना हे विचित्र आणि काहीसे संशयास्पद वाटले, यात नवल नाही. पुढे स्थानिक व्यापारी संघाच्या कर्मचाऱ्यांनी या तरुणांशीच बोलून त्यांना काय हवे आहे ते जाणून घेतले. २००७ च्या डिसेंबरमध्ये तेथे मालिकेतील आवाज देणाऱ्या कलावंतांच्या उपस्थितीत कार्यक्रम झाला आणि 'एमा', म्हणजे देवाकडे मागणे लिहून टांगण्याची लाकडी पाटी, तिच्या आकाराचे छोटे लोलक गावातील लहान दुकानांतून विक्रीस ठेवण्यात आले. नववर्षाच्या दर्शनाला २००८ मध्ये सुमारे ३ लाख लोक आले; हा आकडा आदल्या वर्षीच्या दुपटीहून अधिक होता. २०११ मध्ये तो सुमारे ४ लाख ७० हजारांवर गेला.

आकड्यांपेक्षा महत्त्वाची गोष्ट सप्टेंबर २००८ मध्ये घडली. गावाच्या उत्सवात पारंपरिक 'मिकोशी'बरोबर, म्हणजे देवाच्या पालखीबरोबर, 'लकी स्टार'च्या पात्रांची चित्रे लावलेली एक पालखी निघाली आणि तिला खांदा देण्यासाठी दूरदूरहून चाहते आले. हे भ्रष्टीकरण आहे की पुनरुज्जीवन, हा वाद येथे फारसा फलदायी ठरणार नाही. विचारात घेण्याजोगा मुद्दा वेगळा आहे. 'लकी स्टार'मध्ये जवळजवळ काहीच घडत नाही. पहिल्याच भागात चॉकलेट भरलेला शंखाकृती पाव कोणत्या टोकाकडून खावा, यावर मुली दीर्घकाळ बोलत राहतात. देवस्थानात कोणताही नाट्यमय प्रसंग नाही, युद्ध नाही, प्रेमाची कबुली नाही. त्यामुळे तेथे पोचलेल्या यात्रेकरूला पुन्हा करून पाहण्यासारखे फार थोडे उरते. छायाचित्र काढून झाले की त्याच्यापुढे गावच उरते: दुकान, खाणावळ, दुकानदाराशी बोलणे, उत्सव. कथेच्या या रितेपणाने स्थळाला जागा करून दिली, असे म्हणावयास हरकत नाही. घटनाहीन दैनंदिनतेच्या मालिकांना टीकाकारांनी पुष्कळदा पोकळ ठरवले आहे. त्या पोकळपणाची ही बाजू मात्र सहसा लक्षात घेतली गेलेली नाही.

याच्या अगदी विरुद्ध टोकाला कामाकुरा येथील रेल्वेफाटक आहे. इनोउए ताकेहिको यांचा 'स्लॅम डंक' हा बास्केटबॉलवरील मांगा १९९० ते १९९६ या काळात प्रसिद्ध झाला आणि १९९३ मध्ये सुरू झालेल्या त्याच्या दूरचित्रवाणी मालिकेच्या शीर्षकगीतात हे फाटक, पलीकडचा समुद्र आणि जाणारी एनोदेन गाडी यांचे एक दृश्य आहे. डिसेंबर २०२२ मध्ये आलेला चित्रपट चीन व कोरियातही गाजला आणि या फाटकावरील गर्दी आणखी वाढली. येथे येणाऱ्याला काय हवे आहे ते आधीच निश्चित झालेले असते: तीच चौकट, तोच कोन, गाडी जातानाचा तोच क्षण. तो साधला की काम संपते. रस्त्यावर उतरणारी गर्दी, खोळंबणारी वाहने आणि तेथे राहणाऱ्यांना होणारा त्रास ही या यात्रेची दुसरी बाजू आहे. दोष यात्रेकरूंच्या वागणुकीचा आहेच. पण कथेने आणि प्रतिमेने त्यांना दुसरे काही करण्यासारखे ठेवलेले नाही, हेही तितकेच खरे. चाहत्यांना शिस्त शिकवणाऱ्या फलकांनी हा प्रश्न सुटेल असे मानणे भाबडेपणाचे होईल.

आता वस्तूंकडे वळता येईल. प्रवासाहून परतताना त्या गावचे 'मेइबुत्सु', म्हणजे प्रसिद्ध पदार्थ किंवा वस्तू, घरच्यांसाठी व सहकाऱ्यांसाठी नेणे हा जपानी समाजातील जवळजवळ सक्तीचा शिष्टाचार आहे. या भेटीला 'ओमियागे' म्हणतात. पात्रांकित वस्तूंनी या जुन्या चौकटीचा आधार घेतला. सान्रिओ कंपनीच्या १९७४ साली जन्मलेल्या हॅलो किटीची 'गोतोची', म्हणजे त्या-त्या स्थळापुरती मर्यादित, रूपे १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून बाजारात आली. होक्काइदोची किटी लॅव्हेंडरच्या फुलांत, आणखी कोठली तिथल्या फळाच्या वा माशाच्या वेषात. वरवर पाहता हा स्थानिकतेचा गौरव आहे. प्रत्यक्षात मांजर तेच राहते आणि प्रदेश हा त्याचा अंगरखा होतो. एका मांडणीत शेजारीशेजारी ठेवलेल्या या बाहुल्या पाहिल्या असता अख्खा देश एका कपाटात मावल्यासारखा वाटतो, आणि त्यांचे आकर्षणही तेच असावे. आणखी एक फरक येथे दिसतो. ओमियागे दुसऱ्याला द्यावयाची असते. गोतोची किटी बहुधा स्वतःच्याच संग्रहात जाते. जुन्या शिष्टाचाराचे कवच राहिले, आतील देणे मात्र सुटले.

या तुलनेत 'पोकेफुता' अधिक विचारपूर्वक योजलेली दिसतात. ही पोकेमॉनची चित्रे असलेली मॅनहोलची झाकणे होत. त्यांचा आरंभ २०१८ च्या डिसेंबरमध्ये कागोशिमा प्रांतातील इबुसुकी येथे झाला. पोकेमॉन कंपनी ती स्थानिक शासनसंस्थांना देते आणि प्रत्येक झाकणावरील चित्र स्वतंत्र असते. इबुसुकीची निवड एका श्लेषावर आधारलेली आहे: ईव्ही या प्राण्याचे जपानी नाव 'ईबुई' आणि 'सुकी' म्हणजे आवडणे, 'ईबुई-सुकी' व 'इबुसुकी' यांतील ध्वनिसाम्य जपानी कानाला तत्काळ जाणवते. कागावा प्रांताचे प्रसिद्ध खाद्य 'उदोन' असल्याने तेथे 'यादोन' हा मंद प्राणी प्रांताचा प्रतिनिधी झाला. हे श्लेष बालिश वाटतील. परंतु आपल्याकडील स्थळपुराणांनी गावांच्या नावांच्या ज्या व्युत्पत्ती दिल्या आहेत, त्यांपैकी कितीतरी अशाच ध्वनिसाम्यावर उभ्या आहेत. नावातून कथा काढणे ही स्थळाला आपलेसे करण्याची फार जुनी रीत आहे.

पोकेफुताचे वेगळेपण असे की ते विकत घेता येत नाही आणि नेताही येत नाही. ते रस्त्यात किंवा उद्यानात, जमिनीत बसवलेले असते. लोक त्यावरून चालतात. पाहणाऱ्याला तेथवर जावे लागते आणि परतताना हाती छायाचित्राखेरीज काही नसते. जपानमध्ये गावोगावच्या मॅनहोलच्या झाकणांवर स्थानिक चिन्हे कोरण्याची प्रथा पूर्वीपासून होतीच. २०१६ पासून अशा झाकणांची माहितीपत्रके, म्हणजे 'मॅनहोल कार्डे', त्या-त्या गावी प्रत्यक्ष येणाऱ्याला विनामूल्य, प्रत्येकी एक, या नियमाने दिली जाऊ लागली. त्यामागे मंदिरांतून मिळणारी 'शुइन' ही मुद्रा, शिकोकूच्या ८८ मंदिरांची परिक्रमा, रेल्वेस्थानकांवरील शिक्के अशी मोठी परंपरा उभी आहे. जाऊन आल्याची खूण जाण्यानेच मिळावी, पैशाने नव्हे, हे या परंपरेचे तत्त्व पोकेफुताने पाळले आणि गोतोची किटीने सोडले.

पोकेमॉनच्या बाबतीत ही सहजता योगायोगाची नाही. १९९६ च्या फेब्रुवारीत गेमबॉयसाठी आलेला मूळ खेळच प्रवासाचा आणि संग्रहाचा होता. त्याचे निर्माते ताजिरी सातोशी यांना लहानपणी किडे पकडण्याचा छंद होता. त्यातून ही कल्पना आली, हे सर्वश्रुत आहे. खेळातील पहिल्या प्रदेशाचे नावही कांतो. मात्र हाच खेळ २०१६ मध्ये 'पोकेमॉन गो'च्या रूपाने मोबाइल फोनवर आला, तेव्हा त्याने साऱ्या जगावर एकच पारदर्शक नकाशा पसरला, आणि या नकाशाला स्थळाचा अर्थ कळत नव्हता. हिरोशिमाच्या शांती स्मृती उद्यानातही खेळाचे थांबे उमटले. ६ ऑगस्टच्या स्मृतिदिनापूर्वी ते काढावेत अशी विनंती शहर प्रशासनाला करावी लागली आणि ते काढले गेले. श्लेषासाठी का होईना, पोकेफुता लावणाऱ्याला गावाचे नाव वाचावे लागते. थांबे पाडणाऱ्या यंत्रणेला तेवढेही करावे लागले नव्हते.

शासनानेही या प्रवासाची दखल लवकर घेतली. २००५ च्या एका शासकीय अहवालात 'कन्टेन्ट टुरिझम' ही संज्ञा मांडून प्रदेशाला कथात्मता जोडण्याचा विचार झाला. २०१६ मध्ये स्थापन झालेल्या अ‍ॅनिमे पर्यटन संघटनेने भेट देण्याजोग्या ८८ स्थळांची यादी जाहीर करण्याची प्रथा पाडली. ८८ हा आकडा शिकोकूवरून घेतलेला आहे हे उघड आहे. यादीमुळे परदेशी प्रवाशाची सोय झाली, हे मान्य करावे लागेल. परंतु सेइची जुनरेईचा मूळ आनंद ओळखण्यात होता. चित्रातील कठडा आणि प्रत्यक्षातील कठडा एकच आहे हे कोणीतरी स्वतःच्या डोळ्यांनी शोधून काढण्यात होता. क्रमांक आणि शिक्का देऊन प्रमाणित केलेल्या स्थळी हा शोध आधीच संपलेला असतो. वाशिनोमियाला यात्रेकरू आले, ते कोणत्या यादीने पाठवले म्हणून नव्हे.

शोधण्याजोगे स्थळच अस्तित्वात नसेल तर काय होते, याचे उदाहरण भारतीय प्रेक्षकाच्या ओळखीचे आहे. 'डोरेमॉन' भारतात २००५ पासून प्रामुख्याने हिंदीतून पाहिला जात आहे आणि महाराष्ट्रात या काळात वाढलेल्या पिढीला नोबिताच्या घराशेजारचे मोकळे मैदान व त्यातील एकावर एक रचलेल्या तीन सिमेंटच्या नळ्या पाठ आहेत. ते मैदान कोठेच नाही. शहर वाढत असताना बांधकामाआधी काही काळ रिकामे राहिलेले असे भूखंड १९६० च्या दशकातील तोक्योच्या उपनगरांत होते. तेथे मुले खेळत आणि मग इमारती उभ्या राहत. मालिका सुरू राहिली, भूखंड संपले. कावासाकी येथे २०११ च्या सप्टेंबरमध्ये सुरू झालेल्या फुजिको एफ. फुजिओ संग्रहालयाच्या गच्चीवर त्या नळ्या नव्याने मांडलेल्या आहेत. पाहायला येणाऱ्या जपानी आजोबांना त्या स्वतःच्या बालपणातल्या वाटू शकतात, नातवाला मालिकेतल्या. पुण्या-मुंबईहून गेलेल्या तरुणालाही त्या ओळखीच्याच वाटतात. फक्त त्यांच्याभोवतीचे संवाद त्याला हिंदीत आठवतात.