किशोरवयीन मातृत्व आणि आरोग्यशिक्षण: आपण नेमकं कोणाशी बोलतो?



किशोरवयीन गर्भधारणा टाळण्यासाठी जे आरोग्यशिक्षण दिलं जातं, त्याची चिकित्सा हा आजचा विषय. हा विषय डॉक्टरांचा, फार तर शिक्षकांचा. तत्त्वज्ञानवाल्यांनी त्यात कशाला पडावं, असं कुणी विचारील. उत्तर सोपं आहे. शिक्षण म्हटलं की कुणीतरी कुणाला तरी काहीतरी सांगत असतं. काय सांगावं यावर आपल्याकडे शंभर वर्षं वाद चालू आहे. कोणाला सांगतो आहोत, हा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारत नाही. आज आपण तोच विचारणार आहोत.

आधी दोन आकडे बघू. 2019 ते 21 या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात 15 ते 19 वयोगटातल्या 7.6 टक्के मुली एक तर आई झालेल्या होत्या किंवा गरोदर होत्या. देशाचा आकडा 6.8. म्हणजे या बाबतीत आपलं प्रगत राज्य देशाच्या सरासरीच्या मागे आहे. आणि 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 21.9 टक्के स्त्रियांचं लग्न 18 वर्षं पुरी होण्याआधीच झालेलं होतं. हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचायला हवेत. आपल्याकडे किशोरवयात आई होणारी मुलगी बहुतेक वेळा लग्न झालेली असते. हळद लागलेली, मानपान होऊन नांदायला गेलेली.

आता भाषा काय म्हणते ते बघा. लग्नाआधी आई झालेल्या मुलीसाठी मराठीत ‘कुमारी माता’ असा खास शब्द आहे. तिच्यावर बातम्या येतात, विधानसभेत प्रश्न विचारले जातात. यवतमाळच्या आदिवासी भागातल्या अशा मुलींबद्दल आपण सगळ्यांनी वाचलेलं आहे. पण लग्न होऊन सतराव्या वर्षी आई झालेल्या मुलीसाठी काय शब्द आहे? काही नाही. तिला आपण ‘लेकुरवाळी’ म्हणतो. हा कौतुकाचा शब्द आहे. तिचं पोट दिसायला लागलं की डोहाळजेवण होतं. ज्या गोष्टीचं डोहाळजेवण होतं ती ‘समस्या’ कशी वाटणार?

शरीराला मात्र मंगळसूत्र कळत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की, विशीच्या आत आई होणाऱ्या मुलींना झटके येणं, बाळंतपणानंतर गर्भाशयात जंतुसंसर्ग होणं, हे धोके विशीनंतरच्या स्त्रियांपेक्षा जास्त असतात. त्यांची बाळं अपुऱ्या दिवसांची आणि कमी वजनाची होण्याचा संभवही जास्त. त्याच पाचव्या सर्वेक्षणानुसार आपल्या देशात 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी 59 टक्के मुलींना रक्तक्षय आहे. म्हणजे ज्या शरीराला स्वतःपुरतं रक्त नाही, त्याच्यावर आपण दुसऱ्या जिवाचा भार टाकतो.

आता आपलं आरोग्यशिक्षण घ्या. त्यातला श्रोता कोण आहे? शाळेत, कॉलेजात जाणारी, अविवाहित, मोबाइल वापरणारी, ‘वाईट संगतीत’ सापडण्याची शक्यता असलेली मुलगी. तिला सांगितलं जातं: संयम पाळा, मोहाला बळी पडू नका, एक चुकीचं पाऊल आयुष्य उद्ध्वस्त करतं. सगळा भर पाय घसरण्यावर. पण ज्या मुलीला बोहल्यावर नेऊन उभं केलं, तिचं पाऊल कुठे घसरलं? ते पाऊल तिने टाकलेलंच नाही. या उपदेशात ती कुठेच बसत नाही.

शाळेच्या पुस्तकाचंही तेच. मानवी प्रजनन, मासिक पाळीचं चक्र, हे सविस्तर येतं ते दहावीच्या विज्ञानात. धडा चांगला आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण गावातली शाळा सातवी-आठवीला संपली आणि पुढची शाळा आठ किलोमीटरवर म्हणून घरी बसलेली मुलगी त्या धड्यापर्यंत पोचतच नाही. लवकर लग्न होण्याचा धोका सर्वांत जास्त तिलाच असतो. म्हणजे औषध आहे, पण ते ठेवलंय अशा फळीवर की आजाऱ्याचा हात पोचू नये.

हे आजचं नाही. जरा मागे जाऊ. 1884 साली दादाजी भिकाजी यांनी आपल्या पत्नीने नांदायला यावं म्हणून मुंबईच्या कोर्टात दावा लावला. पत्नी म्हणजे रखमाबाई. लग्न झालं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. जे लग्न आपण समजून-उमजून केलंच नाही ते आपण पाळणार नाही, अशी त्यांची भूमिका. 1887 मध्ये कोर्टाने सांगितलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या तुरुंगाला तयार झाल्या. पुढे तडजोड झाली, त्या विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या. त्यानंतर 1890 साली बंगालमध्ये फुलमणी या दहा-अकरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचा खटला गाजला. नवऱ्याने केलेल्या संभोगामुळे ती दगावली होती. 1891 मध्ये संमतिवयाचा कायदा आला आणि संमतीचं वय दहावरून बारा झालं. टिळकांचा विरोध होता, परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये म्हणून. आगरकर सुधारणेच्या बाजूने होते. हा वाद आपण सर्वांनी इतिहासात वाचला आहे. पण एक गोष्ट लक्षात घ्या. मुलीची ‘संमती’ हा शब्द आपल्या सार्वजनिक चर्चेत आला तो लग्नाच्या आतल्या मुलीसाठी. आज मात्र संमतीचा धडा आपण लग्नाबाहेरच्या मुलीपुरताच ठेवला आहे. ही उलटी चाल म्हणायची की नाही?

मग येतात र. धों. कर्वे. 1921 मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि 1927 पासून अखेरपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं. खटले झाले, 1934 च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. कर्व्यांचं ऋण मान्य करूनच त्यांची मर्यादा सांगितली पाहिजे. त्यांचा वाचक होता साक्षर आणि स्वतःचा निर्णय स्वतः घेऊ शकणारा. त्याच्यापर्यंत खरी माहिती पोचली की तो शहाण्यासारखा वागेल, असा बुद्धिवाद्यांचा विश्वास. स्वतंत्र माणसाच्या बाबतीत तो बराचसा खराही आहे. पण जिला सासरी पाणी प्यायचं तरी विचारावं लागतं, तिच्या हातात माहिती देऊन काय होतं?

आता 2007 सालाकडे येऊ. केंद्राच्या किशोरावस्था शिक्षण कार्यक्रमावर त्या वर्षी महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी बंदी घातली. चित्रं अश्लील आहेत, मुलं बिघडतील, हा मुख्य आक्षेप. त्याच 2007 मध्ये सातारा जिल्हा परिषदेने नवविवाहित जोडप्यांसाठी एक योजना काढली, लोकांनी तिला ‘हनिमून पॅकेज’ म्हटलं. पहिलं मूल दोन वर्षं लांबवलं तर 5000 रुपये, तीन वर्षं लांबवलं तर 7500. योजना कल्पक होती. पण दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या की आपली रीत उघडी पडते: अक्षता पडेपर्यंत काही कळता कामा नये, आणि अक्षता पडल्या की सगळं कळलं पाहिजे! मधला काळ किती? एक मांडव घालायचा, तेवढाच.

मुलं बिघडतील, या भीतीचं उत्तर युनेस्कोने 2018 च्या मार्गदर्शिकेत जगभरच्या अभ्यासांचा आढावा घेऊन दिलेलं आहे. नीट दिलेल्या लैंगिकता शिक्षणाने मुलं लवकर संबंध ठेवू लागतात, असं दिसत नाही. नुसत्या ‘संयम पाळा’ने काही साधत नाही, असं मात्र दिसतं. तेव्हा तो मुद्दा संपला. पण आमचं म्हणणं थोडं पुढचं आहे. बंदी घालणारे आणि बंदीला विरोध करणारे, दोघांच्याही डोळ्यांसमोर वर्गात बसलेली अविवाहित मुलगीच होती. भांडण तिच्या इच्छेला आवर घालायचा की तिला माहिती द्यायची, एवढंच. जिला इच्छा विचारलीच जात नाही ती मुलगी दोन्ही पक्षांच्या नजरेतून सुटली.

गिल्बर्ट राइल या ब्रिटिश तत्त्वज्ञाने 1949 च्या ‘द कन्सेप्ट ऑफ माइंड’ या ग्रंथात एक भेद केला आहे. अमुक गोष्ट माहीत असणं वेगळं आणि अमुक गोष्ट करता येणं वेगळं. पोहण्याचं पुस्तक पाठ असलेला माणूस विहिरीत बुडू शकतो. आपलं आरोग्यशिक्षण पहिल्या प्रकारात अडकलंय. लग्नाचं कायदेशीर वय अठरा, हे आज वाडीवस्तीवरच्या मुलीलाही माहीत असतं. पण ‘बाबा, मला आत्ता लग्न करायचं नाही’ हे वाक्य घरात, चुलत्यांसमोर, आवाज न थरथरता उच्चारता येणं ही दुसरी गोष्ट. ती सरावाने येते, आणि ऐकून घेणारं कुणी असेल तरच येते.

याचं चांगलं उदाहरण आपल्याच मराठवाड्यात आहे. पाचोडच्या आरोग्य व्यवस्थापन संस्थेने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस 12 ते 18 वयाच्या अविवाहित, मुख्यतः शाळा सुटलेल्या मुलींसाठी वर्षभराचे जीवनकौशल्य वर्ग चालवले. रोज संध्याकाळी एक तास. शिकवायला गावातल्याच बायका. काही वर्षांत त्या गावांमध्ये मुलींच्या लग्नाचं मध्यक वय सोळावरून सतरावर गेलं. एका वर्षाचं काय कौतुक, असं म्हणू नका. सोळा ते सतरा हे वर्ष मुलीच्या हाडांना विचारा.

पण इथेही थांबता येत नाही. कांट म्हणतो त्याचा मथितार्थ असा की, एखाद्याला ‘तू हे केलंच पाहिजे’ म्हणायचं तर ते करणं त्याला शक्य असायला हवं. बीडच्या ऊसतोड कुटुंबाचा विचार करा. मुकादम उचल देतो ती ‘कोयत्या’वर. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या पोराला काम मिळणं अवघड, म्हणून हंगामाआधी त्याचं लग्न उरकायचं. इकडे मुलीचे आईबाप सहा महिने फडावर जाणार. वयात आलेली पोर मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची, म्हणून तिचंही उरकायचं. या मुलीला ‘लवकर लग्न करू नका’ असं पत्रक देणं म्हणजे जे तिच्या हातात नाही त्याचा जाब तिला विचारणं. तिथे हंगामी वसतिगृह हेच आरोग्यशिक्षण. आणि शिकवायचंच असेल तर तो वर्ग मुकादम, सासू, सासरे आणि होणारा नवरा यांचा घ्यावा. मुलींना हॉलमध्ये बसवायचं आणि मुलांना खेळायला मैदानावर सोडायचं, ही पद्धत आधी बंद करा. ‘नाही’ कसं म्हणायचं हे मुलींना शिकवलं आणि ‘नाही’ कसं ऐकायचं हे मुलांना शिकवलं नाही, तर ते शिक्षण अर्धंच राहतं.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल आपली पत्रकं फार कमी बोलतात. कायदा. 2012 च्या पोक्सो कायद्यानुसार अठराच्या आतल्या मुलीशी संबंध हा गुन्हा आहे, तिची इच्छा असो वा नसो. आणि ज्याला ते कळलं त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अठराच्या आतल्या पत्नीलाही बलात्काराच्या कायद्याचं संरक्षण दिलं. हे योग्यच झालं, रखमाबाईंना सव्वाशे वर्षांनी मिळालेलं उत्तर म्हणा. पण व्यवहारात काय होतं? सतरा वर्षांची गरोदर मुलगी दवाखान्यात जायला घाबरते. नवरा तुरुंगात जाईल, पोलीस दारात येतील. मग वय एकोणीस सांगायचं, नाहीतर घरीच काहीतरी उपाय करायचा. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली तर गर्भपाताच्या वेळी डॉक्टरने तिची ओळख पोलिसांना कळवण्याची गरज नाही. ही माहिती जीव वाचवणारी आहे. ती किती मुलींपर्यंत पोचली? गर्भाशयाची आकृती भिंतीवर लावतो तशी ही ओळ का लावत नाही?

यातून आम्ही आरोग्यशिक्षणाला तीन साध्या कसोट्या सुचवू. हे वाक्य ज्या मुलीला सर्वांत जास्त गरज आहे तिच्यापर्यंत पोचतं का? ते ऐकून ती उद्या सकाळी काही करू शकते का? आणि जे करू शकतात त्यांनाही ते ऐकवलं आहे का? ‘संयम पाळा’ हे तिन्ही कसोट्यांवर नापास. ‘लग्न ठरत असेल तर 1098 वर फोन कर, ग्रामीण भागात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे’ हे दुसऱ्या कसोटीवर उतरतं, पण ग्रामसेवक स्वतः त्याच मांडवात पंगतीला बसला असेल तर तिसऱ्या कसोटीवर अडतं.

शेवटी एकच. आपल्याकडे या शिक्षणाची चर्चा नीतीची चर्चा म्हणून होते. तशी व्हायला हरकत नाही. फक्त नीतीचा प्रश्न सोळा वर्षांच्या मुलीला विचारण्याआधी तिच्याभोवती उभ्या असलेल्या मोठ्या माणसांना विचारावा. तिचं वय त्यांना माहीत होतं.