वॉटसनचें लोखंडी हॉटेल : कालनिर्णय आणि आख्यायिका

अंधेरीच्या चित्रशाळांचा इतिहास सांगणारे लेखक बहुधा काळ्या घोड्याजवळील वॉटसनच्या हॉटेलापासून आरंभ करितात, आणि तें योग्यच आहे. ता. 7 जुलै 1896 रोजीं ल्युमिएर बंधूंचा प्रतिनिधि मारिउस सेस्तिए यानें हिंदुस्थानांत हलतीं चित्रें प्रथम येथें दाखविलीं. त्या दिवसाची वृत्तपत्रांतील जाहिरात उपलब्ध असल्यानें याविषयीं वाद नाहीं. परंतु ज्या इमारतींत हें घडलें तिच्याविषयीं लिहितांना प्रमाणाची तितकी चाड ठेविलेली दिसत नाहीं. म्हणून हें टिपण.

पहिला प्रश्न कालाचा. इमारत 1860 ते 1863 च्या दरम्यान उभी राहिली असें अनेक ठिकाणीं छापलेलें आहे. आम्हांस हें ग्राह्य वाटत नाहीं. किल्ल्याचा तट पाडून एस्प्लनेडवरील जागा इमारतींसाठीं मोकळी करण्याचें काम सर बार्टल फ्रियर याच्या कारकीर्दींतलें, आणि तो मुंबईचा गव्हर्नर झाला 1862 सालीं. जागाच मोकळी नसतां तीवर मजले कसे चढले? 1867 ते 1869 हा दुसरा पाठ या क्रमाशीं जुळतो. हॉटेल 1871 सालीं उघडलें, ही गोष्टही त्यासच दुजोरा देते. रोलंड मेसन ऑर्डिश यानें आंखलेला हा लोखंडी सांगाडा विलायतेंत घडवून, जहाजानें आणून येथें जोडला.

दुसरा प्रश्न आख्यायिकेचा. जमशेटजी टाटा यांस येथें प्रवेश नाकारला व त्या अपमानापोटीं ताजमहाल हॉटेल जन्मास आलें, ही कथा सर्वतोमुखीं आहे. ताज 16 डिसेंबर 1903 रोजीं उघडलें हें खरें. पण जें मागून घडलें तें पूर्वीच्यामुळेंच घडलें असें ठरत नाहीं. कथेच्या कांहीं पाठांत हॉटेलाचें नांवही निराळें येतें. समकालीन पत्र पुढें येईपर्यंत तिला बखरींतील वाक्याहून अधिक मोल देऊं नये. गोऱ्यांचा वर्णाभिमान खराच होता. तो सिद्ध करण्यास या कथेची गरज नाहीं.

कथेच्या भरांत इमारतीचें उत्तरायुष्य मात्र दुर्लक्षित राहतें. कांचेच्या छताखालीं जेथें एके काळीं नाच होत, त्याच घरांत पुढें आडभिंती घालून वकिलांच्या कचेऱ्या, दुकानें व बिऱ्हाडें झालीं. नांव एस्प्लनेड मॅन्शन पडलें. 2005 सालीं एक भाग कोसळला व 2019 सालीं राहणारांस ती सोडावी लागली.

अंधेरीच्या मोहन स्टुडिओंत ‘मुगल-ए-आझम’ या 1960 च्या चित्रपटासाठीं उभारलेला शीशमहाल मोडला, तरी त्यांतील नृत्य चित्रपटांत राहिलें. वॉटसनच्या नृत्यशाळेस असा साक्षीदार नाहीं. तेव्हां हॉटेलाचीं बिलें, भोजनपत्रिका, आणि विशेषतः मागाहून आलेल्या भाडेकऱ्यांच्या पावत्या ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं त्या रद्दी समजून टाकूं नयेत. इमारत पडली तर तिचा दप्तरखाना तोच.