रिझवानची शाळा कुठे गेली?

स्वमग्नतेचा विषय ठाण्याच्या किंवा डोंबिवलीच्या शिक्षकांसमोर काढला, की ‘माय नेम इज खान’चे नाव निघतेच. करण जोहर यांचा हा चित्रपट २०१० सालचा. पण या मुलांची अनेकांना झालेली पहिली ओळख तीच. म्हणून तो शिक्षकाच्या नजरेने पुन्हा पाहायला हवा.

काही गोष्टी त्यात नीट उतरल्या आहेत. पिवळा रंग, कर्कश आवाज, नवी जागा यांनी रिझवान बिथरतो. कुणी मिठी मारलेली त्याला सोसत नाही. हा हट्ट नव्हे. आवाज, प्रकाश, स्पर्श यांची तीव्रता अनेक स्वमग्न मुलांना आपल्यासारखी गाळून घेता येत नाही. (रिझवानला ‘अ‍ॅस्पर्गर’ असल्याचे चित्रपट सांगतो. अमेरिकेच्या मनोविकार-वर्गीकरणात हे वेगळे नाव २०१३ पासून नाही; ते स्वमग्नतेतच धरले जाते.)

आमची तक्रार आहे ती बोरिवलीतल्या बालपणाविषयी. आई त्याला वाडिया नावाच्या वृद्ध गृहस्थांकडे शिकायला पाठवते आणि शाळा पडद्यावरून नाहीशीच होते. पुढे हा मुलगा जवळजवळ कोणतीही वस्तू दुरुस्त करू लागतो. ‘रेन मॅन’मध्ये (१९८८) सांडलेल्या काड्या क्षणात मोजल्या जात, त्याच जातीचा हा चमत्कार. ज्या किम पीक यांच्यावरून ‘रेन मॅन’ सुचला, ते मुळात स्वमग्न नसावेत असे मत पुढे मांडले गेले. असे कौशल्य थोड्याच मुलांत असते. चित्रपट पाहिलेला शिक्षक मात्र ते शोधत बसतो, आणि सापडले नाही की मुलाकडे पाहणेही सोडून देतो.

गंमत अशी, की शिकवण्याचा खरा धडा याच चित्रपटात आहे. दंगलीच्या दिवसांत कानावर पडलेले द्वेषाचे शब्द मुलगा जसेच्या तसे घोकतो. आई रागे भरत नाही. ती कागदावर साध्या रेघांची माणसे काढते. एकाच्या हाती काठी, दुसऱ्याच्या हाती लॉलीपॉप. यांतला हिंदू कोण, मुसलमान कोण? सांगता येत नाही. ते चित्र त्याला जन्मभर पुरते. बोललेला शब्द विरून जातो, चित्र समोर राहते. नॉर्थ कॅरोलिनात एरिक शॉपलर यांचा ‘टीच’ कार्यक्रम १९७२ पासून राज्यभर राबवला गेला, त्यातही याच गोष्टीवर भर आहे: दिवसभरात काय घडणार ते चित्रांच्या पट्टीवर आधीच दाखवायचे.

आता आपल्याकडचा वर्ग पाहा. पाळी सुटतानाचा कोलाहल, डोक्यावर घंटा. मुसळधार पावसात गाड्या अडकतात आणि शाळा मध्येच सुटते. बाकीची मुले आनंदाने ओरडतात. तिसऱ्या तासाला चित्रकला आहे हे ज्याने मनात पक्के धरले होते, तो जमिनीवर लोळण घेतो. ‘आज लवकर घरी’ एवढे एक चित्र बाईंच्या टेबलात तयार असते तर? घंटेपूर्वी दोन मिनिटे त्याला व्हरांड्यात नेले असते तर? नववी-दहावीतल्या मुलाला चित्रांऐवजी लिहिलेली यादीही पुरू शकते. याला खर्च जवळजवळ नाही.

ठाणे महापालिकेची ‘जिद्द’, डोंबिवलीची ‘क्षितिज’ अशा विशेष शाळा आहेत. पण सगळीच स्वमग्न मुले तिथली नव्हेत. अनेकांची बुद्धी वर्गातल्या इतरांसारखीच असते. १९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचे नावही नव्हते. २०१६ च्या कायद्याने ते घातले, आणि अशा मुलांना सामावून घेणे अनुदानित व मान्यताप्राप्त शाळांवर बंधनकारक ठरले.

रिझवानच्या आईला वाडियांचे दार ठोठवावे लागले, ते चित्रपटाने तिची चिकाटी म्हणून रंगवले आहे. आम्हाला तो सुटलेला वर्ग पाहायचा होता: त्याचा बाक कुठे होता आणि घंटा त्याच्यापासून किती हातांवर.