बाहुकाच्या हातची चव

उन्हाळ्याच्या सुटीत पुण्याहून अकोल्यास आलेल्या माझ्या भाचीने, भर दुपारी वीज जाऊन कूलर बंद पडल्यामुळे घरातली सर्व मंडळी आतल्या अंधाऱ्या खोलीत येऊन बसली असताना, आपला मोबाइल माझ्या हाती ठेवून "मामा, हे पाहा बरं एकडाव" असे सांगितले, तेव्हा माझ्या मनात कुतूहलापेक्षा भीडच अधिक होती, हे प्रथमच कबूल केलेले बरे. जपानी चलच्चित्रांविषयी, ज्यांना आजची मुले 'अ‍ॅनिमे' म्हणतात, माझे ज्ञान नव्वदीच्या प्रारंभी दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागणाऱ्या मोगलीच्या मालिकेपलीकडे गेलेले नव्हते. आणि ती मालिका जपानी होती हेदेखील मला ती संपल्यानंतर पुष्कळ वर्षांनी समजले. त्या कथेतले सिवनीचे रान नागपूरच्या उत्तरेस, पेंचच्या अंगाला आहे. म्हणजे आमच्याच शेजारचे रान जपानला जाऊन, तेथून हिंदी बोलत आमच्या घरी परत आले होते.

या खेपेस भाचीने दाखविलेली मालिका होती 'होरिमिया'. मासाशी इशिहामा यांनी दिग्दर्शित केलेली आणि 2021 च्या जानेवारीपासून तेरा भागांत प्रसारित झालेली ही प्रेमकथा दोन शाळकरी मुलांची आहे. होरी ही वर्गातली हुशार, देखणी, सर्वांना हवीहवीशी मुलगी. परंतु आईबाप कामानिमित्त बहुतेक वेळ बाहेर असल्यामुळे शाळा सुटताच ती घरी धाव घेते, केस कसेतरी बांधते, तोंडावरचा रंग धुऊन टाकते आणि धाकट्या भावाचे जेवणखाण व घरची धुणीभांडी पाहते. मियामुरा हा त्याच वर्गातला चष्मा लावणारा, मान खाली घालून बसणारा, कोणाच्या खिजगणतीत नसलेला इसम. आणि शाळेबाहेर पाहावे तर याच्या ओठाला व कानांना टोचलेल्या बाळ्या, अंगावर गोंदण, आणि एकंदर अवतार असा की आमच्या मोहल्ल्यातल्या कोणत्याही आजीने नातवंडांना घरात बोलावून दार लावून घ्यावे. एके दिवशी होरीचा धाकटा भाऊ रस्त्यात पडतो, त्याच्या नाकाला रक्त येते, आणि त्याला हाताला धरून घरी पोचविण्यास हा बाळीवाला तरुण येतो. दारात उभी असलेली होरी त्याला ओळखत नाही. तो मात्र तिला ओळखतो.

येथपर्यंत पाहून मला वाटले की आता पुढचे अकरा भाग हे रहस्य लपविण्यात आणि शेवटचा ते फोडण्यात जाणार, कारण मराठी नाटके पाहून तयार झालेल्या प्रेक्षकाची दुसरी अपेक्षा असूच शकत नाही. परंतु रहस्य फुटते ते पहिल्याच भागात, तेही कोणताही गाजावाजा न होता, आणि कथा फुटलेल्या रहस्याच्या पलीकडे सुरू होते. दोघांनाही एकमेकांचे दुसरे रूप माहीत आहे आणि जगाला नाही, एवढ्याच भांडवलावर ही मंडळी प्रेमाचा सारा व्यवहार चालवितात. चौथ्या भागातला एक प्रसंग मी मुद्दाम दोनदा पाहिला. होरी तापाने अंथरुणावर पडलेली आहे. मियामुरा उशाशी बसलेला आहे. ती झोपली आहे अशा समजुतीने तो अगदी हलक्या आवाजात, जणू स्वतःशीच, तिच्याविषयीचे आपले मन उघड करतो. ती जागी असते. आणि हे ऐकल्यावर ती डोळे उघडत नाही. एवढेच. तसबीर नाही, मूर्च्छा नाही, पडद्याआडून बाहेर येणारे वडील नाहीत.

याच सुमारास भाचीचा फोन वाजला. "मामा, तुमाले समजून राह्यलं नं? मंग थांबा जरा," असे मला सांगून तिने फोन कानाला लावला आणि पुढची दहा मिनिटे ती जे मराठी बोलली त्यात एकही 'मले' नव्हते, 'तुले' नव्हते, 'काऊन' नव्हते, सदाशिव पेठेत जन्मलेल्या मुलीलाही हेवा वाटावा असे ते स्वच्छ, धुतलेले, इस्तरी केलेले मराठी होते. फोन ठेवताच ती आजीला म्हणाली, "आजी, चहा मांडतं का वं?" पुण्याच्या वसतिगृहातल्या तिच्या मैत्रिणींपैकी कितीजणींनी तिचे हे वाक्य ऐकले असेल, असा विचार माझ्या मनात आला, आणि मोबाइलच्या पडद्यावरचा बाळ्या लपविणारा मुलगा मला एकाएकी परका वाटेनासा झाला.

जपानी भाषेत मनातल्या खऱ्या भावास 'होन्ने' आणि लोकांपुढे धरावयाच्या मुखवट्यास 'तातेमाए' म्हणतात, आणि या दोहोंतील अंतर हे तेथील शिष्टाचाराचे मान्य अंग आहे. त्यामुळे त्यांच्या प्रेमविनोदात हा विषय वारंवार येतो. 1998 साली हिदेआकी आन्नो यांनी केलेली 'कारे कानो' ही मालिका, जिच्या नावाचे भाषांतर 'त्याचे आणि तिचे प्रकरण' असे सहज करता येईल, ती वर्गात सर्वगुणसंपन्न आणि घरी मळक्या कपड्यांत लोळणाऱ्या एका कीर्तिलोलुप मुलीची कथा आहे. 2022 च्या 'स्पाय फॅमिली'त तर नवरा हेर, बायको मारेकरी आणि मुलगी मनकवडी, आणि यांपैकी मुलीखेरीज कोणासही दुसऱ्याचा पत्ता नाही. तथापि आपल्याकडे मुखवटा नाही असे म्हणण्याचे धाडस वऱ्हाडातल्या माणसाने तरी करू नये. लग्नाच्या बैठकीत मुलाच्या बापाचे सोसायटीचे कर्ज कोणी बोलून दाखवीत नाही, आणि बोअरवेल आटलेले कोरडवाहू शेत बायोडाट्यात खुशाल बागायती होते. तातेमाए म्हणजे काय, हे आम्हांस जपान्यांनी शिकवायला नको.

शिकण्यासारखे आहे ते निराळेच, आणि त्यासाठी जपानपर्यंत न जाता अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी असलेल्या कौंडिण्यपुरापर्यंत गेले तरी पुरे. परंपरा ज्याला भीमक राजाचे कुंडिनपूर मानते ते हेच गाव. रुक्मिणीचे माहेर म्हणून वारकऱ्यांस ठाऊक, आणि दमयंतीचे माहेर म्हणून जवळजवळ विसरलेले. महाभारताच्या वनपर्वातली दमयंतीची कथा ही लपलेल्या खऱ्या रूपाची आपल्याकडील आद्य प्रेमकथा होय, आणि ती दोनदा घडते. स्वयंवरात चार देव नळाचे रूप घेऊन उभे राहतात; दमयंतीपुढे पाच नळ. ती खरा नळ ओळखते तो कोणत्या खुणेने? देवांच्या पापण्या लवत नाहीत, त्यांना घाम येत नाही, त्यांची सावली पडत नाही, त्यांच्या माळा कोमेजत नाहीत, पाय भुईला लागत नाहीत. आणि नळाच्या अंगावर धूळ आहे, घाम आहे, त्याची माळ सुकलेली आहे. दिव्यत्वाच्या चार नमुन्यांतून ती निवडते तो घामेजलेला. पुढे कर्कोटकाच्या दंशाने कुरूप झालेला तोच नळ बाहुक नावाचा सारथी होऊन ऋतुपर्णाचा रथ हाकीत विदर्भात येतो, तेव्हा ती दासीला पाठवून त्याने रांधलेले अन्न मागविते आणि त्या चवीवरून नवरा ओळखते. अंगठी नाही, पत्र नाही, हातची चव.

विदर्भाच्या नशिबी अशा कथा फार. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'तली दासी मालविका ही वास्तविक विदर्भाची राजकन्या, आणि तिची ओळख पटते ती विदर्भातूनच आलेल्या दोन मुलींच्या तोंडून. भवभूतीच्या 'मालतीमाधवा'चा नायक कुंडिनपुराहून शिकायला गेलेला अमात्यपुत्र. त्यात त्याचा मित्र मकरंद मालतीचे सोंग घेऊन नवरी म्हणून बोहल्यावर चढतो. 'अशी ही बनवाबनवी' पाहून पोट धरधरून हसणाऱ्यांनी हा आपला वैदर्भीय पूर्वज ध्यानात ठेवावा.

मराठी रंगभूमीने हा वारसा घेतला खरा, पण त्यातली चव सांडून घेतला. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 1882 च्या 'सौभद्रा'त यतिवेषातला अर्जुन बळरामाच्या घरात राहतो आणि सुभद्राच त्याच्या सेवेस नेमली जाते, हा प्रसंग प्रेमविनोदाच्या दृष्टीने सोन्याचा. तेथे वेषांतर अजून कोवळे आहे. देवलांनी फ्रेंच मोलिएरचे बीज इंग्रजी मर्फीकडून घेऊन प्रथम 1893 साली 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' लिहिले आणि 1916 साली त्याचेच 'संशयकल्लोळ' केले. त्यात सारा गोंधळ आणि साराच उलगडा एका तसबिरीभोवती फिरतो. पण या प्रकाराचा खरा कारखाना उघडला तो आमच्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी.

'आमच्या' म्हणण्याचा हक्क वऱ्हाडास पुरेपूर आहे. 1871 साली नागपुरात जन्मलेल्या कोल्हटकरांनी वकिली केली ती अकोला, खामगाव आणि जळगाव-जामोद येथे. त्यांच्या नाटकांची नावेच पाहावीत: 'मूकनायक', 'गुप्तमंजूष', 'वधूपरीक्षा', 'जन्मरहस्य', 'मायाविवाह'. लपविण्याचा एवढा उत्साह दुसऱ्या कोणत्याही मराठी नाटककाराने दाखविलेला नाही. 'मूकनायका'त नायक मुक्याचे सोंग घेतो, ही कल्पना आजच्या कोणत्याही जपानी कथाकारास मोहात पाडील अशी आहे. परंतु कोल्हटकरांची नाटके आज वाचताना माझा असा ग्रह होतो की, त्यांतली प्रेमप्रकरणे वकिलाच्या दप्तरात लिहिली गेली. प्रत्येक पात्राची एक खरी कैफियत असते आणि एक खोटी. मुदतीअंती साक्षीपुरावा होतो, दस्तऐवज हजर केले जातात, उलटतपासणीत रहस्य कबूल होते, आणि निकालपत्राबरोबर विवाह लागतो. खरे रूप म्हणजे काय, तर खरे नाव, खरे कुळ आणि खरा हुद्दा. ते कळण्यापूर्वी नायिकेने नायकाच्या हातचे काही चाखलेले नसते. तिने फक्त त्याच्या कोट्या ऐकलेल्या असतात, आणि त्याही तिच्या स्वतःच्या कोट्यांहून फारशा निराळ्या नसतात.

विलक्षण गोष्ट ही की, याच गृहस्थांनी जेथे पात्रांना सोंगे न देता स्वतः सोंग घेतले, तेथे ते थेट माणसापर्यंत पोचले. 'सुदाम्याचे पोहे' मधला सुदामा हा कोल्हटकरांचा मुखवटा. त्या मुखवट्याआडून, बंडूनाना आणि पांडूतात्यांना जोडीला घेऊन, त्यांनी आपल्या समाजाच्या भाबड्या रूढींची, लग्नसमारंभांची आणि सोवळ्याओवळ्याची जी थट्टा मांडली, तिला घामाचा वास आहे. हे सुदाम्याचे धोरण त्यांनी आपल्या नायक-नायिकांनाही लागू केले असते, तर मराठी प्रेमविनोदाला वेगळे वळण लागले असते, अशी मला शंका नव्हे, खात्री आहे.

पुढचा इतिहास लवकर सांगून होतो. आचार्य अत्र्यांच्या 'मोरूच्या मावशी'ने ब्रँडन थॉमसच्या इंग्रजी मावशीला नऊवारी नेसविले आणि विजय चव्हाणांनी तिला ऐंशीच्या दशकात पुन्हा नाचविले. 1988 साली सचिन पिळगावकरांच्या 'बनवाबनवी'ने भाड्याच्या खोलीसाठी दोन तरुणांना लुगडी नेसविली. दोन्ही कृती हसविण्यात अव्वल आहेत, याबद्दल फिर्याद नाही. परंतु या वाटेने लपलेले रूप म्हणजे लपलेली मिशी, एवढाच अर्थ मराठी प्रेक्षकाच्या मनात घट्ट झाला, आणि प्रेमकथा त्या मिशीच्या आसऱ्याला राहिली. सतीश राजवाडे यांच्या 2010 च्या 'मुंबई-पुणे-मुंबई'त मात्र, ज्याला नकार द्यायला नायिका आली आहे तोच मुलगा तिला दिवसभर गाव दाखवीत हिंडतो आणि आपण कोण ते सांगत नाही. येथे एका दिवसापुरती का होईना, नाव कळण्याआधी माणूस कळतो. अलीकडच्या काळातला मला आवडलेला हा एकच अपवाद. पण तोही नाव कळले की आटोपतो, आणि जपानी मालिकेत जेथे पहिला भाग संपतो तेथे आपला चित्रपट संपतो.

जपानी मालिकेत दोष नाहीत असे नव्हे. दहा वर्षे चाललेल्या चित्रकथेचा मजकूर तेरा भागांत कोंबल्यामुळे उपपात्रे बडनेऱ्याच्या फलाटावर उतरून चढणाऱ्या उतारूंसारखी येतात आणि जातात. त्यांची तोंडओळख होते न होते तोच गाडी हलते. होरीच्या घरात पैशाची चणचण कधी जाणवत नाही. आणि सगळी जपानी शाळकरी मुले एवढी एकांत घरे कोठून मिळवितात, हा प्रश्न आमच्या तीन खोल्यांत नऊ माणसे राहणाऱ्या घरात बसून पाहताना मला वारंवार पडला. पण ज्या ठिकाणी होरी बिनरंगाच्या तोंडाने, ओल्या हातांनी दार उघडते, तेथे मला दमयंतीची खूण दिसली. कुंडिनपुराला सुचलेली ही खूण कुंडिनपूरच्या लेकरांनी दोन हजार वर्षांत पुन्हा वापरू नये, याचे वाईट वाटले.

तेव्हा राज्य नाट्यस्पर्धेसाठी अकोला-अमरावतीकडून संहिता पाठविणाऱ्या तरुण मंडळींस माझी एक विनंती आहे. वऱ्हाडीचा उपयोग आपण आजवर बहुधा नोकराच्या, पाटलाच्या किंवा बेरकी म्हाताऱ्याच्या तोंडी, हशा पिकविण्यासाठी केला. एकदा ती नायिकेच्या तोंडी द्या. पुण्याच्या वसतिगृहात प्रमाण मराठी बोलणारी, आणि रात्री अकराला गच्चीवर जाऊन आईशी दबक्या आवाजात "हाव, जेवली म्या" म्हणणारी. मग शेजारच्या गच्चीवरल्या मुलाला ते ऐकू द्या, आणि तोही कारंजा किंवा दर्यापूरचा असू द्या. हे पहिल्या प्रवेशातच घडू द्या. तिसऱ्या अंकापर्यंत राखून ठेवू नका.

भाचीने मला पाच भाग दाखविले. रविवारच्या गाडीने ती पुण्यास परत गेली.